कुलूपकाकांचा मेल

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणत. कॉम्प्युटर सांभाळणं हे त्यांचं काम. ‘पासवर्ड मागणारा मेल आला की सरळ उडवा’ हे त्यांनी सगळ्यांकडून इतकी वर्षं घोकून घेतलं होतं, की चहा देणाऱ्या मावशीही ते म्हणून दाखवत.

त्या दिवशी मेलच्या प्रोग्राममध्येच भोक सापडलं. एखादा पाजी मेल नुसता उघडला, तरी उघडणाऱ्याचा पासवर्ड गुपचूप बाहेर जात होता. काकांनी सकाळीच भोक बुजवलं. पण कुणाकुणाची किल्ली आधीच चोराच्या खिशात गेली असेल, देव जाणे. साहेबांनी बजावलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलल्याशिवाय घरी जायचं नाही. आणि नेमकी आजच लेक तान्ह्या नातीला घेऊन आली होती. संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होती.

काकांनी सगळ्यांना ‘पासवर्ड बदला’ असा मेल टाकला, खाली लिंक दिली. दुपार झाली तरी एकाचाही पासवर्ड बदललेला दिसेना. म्हणून ते हिशेबाच्या ताईंकडे गेले.

“काका, तुमच्या नावाने चोराचा मेल आला होता,” ताई खुशीत म्हणाल्या. “मी फसते होय! उडवून टाकला.”

“अहो, तो माझाच होता.”

“चोरसुद्धा हेच म्हणणार. तुम्हीच शिकवलंत ना?”

रागवायचं तरी कुणावर? फोन केले, तर तुम्ही काकाच कशावरून, असं विचारून लोकांनी ठेवून दिले. लिफ्ट बंद, गुडघा कुरकुरतोय, अशा अवस्थेत काका टेबलाटेबलापाशी जाऊन उभे राहिले. समोरचा टाइप करी तेव्हा हे भिंतीकडे तोंड करत. कुणाला नवा शब्द सुचेना, कुणी तो मोठ्याने म्हणत टाइप करी. मग पुन्हा पहिल्यापासून.

लेकीचा फोन आला तेव्हा वरचा मजला बाकी होता. ती चिडली नाही. टॅक्सी ऑफिसच्या गेटवरून घेते, तेवढं खाली या, म्हणाली.

वरचा मजला उरकून काका कठड्याला धरत उतरले. नात आईच्या खांद्यावर झोपली होती. त्यांनी तिच्या पावलाला बोट लावलं. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं.

“झाले सगळ्यांचे?” लेकीने विचारलं.

“झाले बाई एकदाचे.”

“आणि तुमचा?”

काकांनी कपाळावर हात मारला. मग दोघंही हसले. टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत ते गेटपाशी थांबले, आणि पुन्हा जिन्याकडे वळले.