वरच्या खोलीचा करार

माझ्या बायकोचा हात मला शेवटचा लागला तो टकलाला. भाडेकराराचा एजंट समोर बसलेला, मांडीवर लॅपटॉप, स्टुलावर अंगठा घ्यायचं मशीन. हिचा अंगठा काही केल्या उमटेना. एजंट म्हणाला, "काकू, जरा कपाळाला घासा. तेल लागलं की उमटतं." हिनं स्वतःचं कपाळ सोडून माझ्या डोक्यावर अंगठा घासला.

"तेलाचा घाणा हितं हाय की."

अंगठा लगेच उमटला. वरची भाडेकरीण तोंडाला ओढणी लावून हसत होती.

ही पोरगी वैरागकडची, दवाखान्यात नर्स आहे. वरच्या खोलीत एकटी राहते. खोली मी बांधली, जन्मभर गवंडीकामच केलं. विटांची घमेली हिनं चढवली. म्हणून घर दोघांच्या नावावर आणि करारालाही दोघांचे अंगठे. अकरा महिने झाले की नवा करार करायचा, नोंदवायचा. स्टॅम्प, नोंदणी, वर एजंटची घरी यायची फी. मी पोरीला आधीच बजावलं होतं, खर्च तुझा. सगळे तसंच करतात. तिनं पर्स उघडली तशी हिनं तिचं मनगट धरलं.

"ठेव आत."

मी म्हणालो, "अगं, आपलं सगळं जुळे सोलापूर खर्च भाडेकरूकडनंच घेतंय."

"मग जेवायला बी जुळे सोलापुराकडंच जावा. अवो, घर जाईल हे भ्या तुमाला, कागद तुमाला पायजे. पैसं हिनं का द्यायचं?"

"बरं, निम्मं निम्मं."

"मी घमेली वाहिली तवा न्हाय म्हनला निम्मं निम्मं."

एजंट खाली मान घालून हसला. ही उठली. "सकाळी बघू," म्हणाली. आमचं प्रत्येक भांडण ती असंच मिटवायची आणि सकाळी आपल्याच मनासारखं करायची.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. मी हाक मारली तशी वरनं पोरगी धावत आली. नाडी बघितली, आणि बघून झाल्यावरसुद्धा हिचा हात बराच वेळ सोडला नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. तेराव्याला आलेली माणसं जेवून आपापल्या गावाला गेली. मग एजंट आला. म्हणाला, "खर्चाचं ठरलं नाही म्हणून करार नोंदवायचा राहिला होता काका. आता मालकीणच नाही, तेव्हा तो कागद बाद. स्टॅम्पपासून सगळं नव्यानं करायचं." आणि आवाज बारीक करून म्हणाला, "पोरीकडनंच घ्या. आता काकू काय आड यायच्या नाहीत."

मी त्याला चहा न देता घालवला.

संध्याकाळी पोरगी ड्युटीवरनं आली ती जिन्यातच थांबली.

"काका, मी खोली सोडते."

"का? भुताचं भ्या वाटतंय?"

"काकू जिवंत होत्या तेव्हा वाटायचं. आता कशाला?" मग म्हणाली, "एजंट भेटला होता. मला हा खर्च झेपायचा नाही, आणि तुमच्याकडं आत्ता मागायला जीव होत नाही. दवाखान्यातल्या मैत्रिणीकडं राहीन."

ही पोरगी गेली असती तर माझ्या बायकोला काकू म्हणणारं त्या घरात कुणी उरलं नसतं.

"मालकीण मेली ती काय तुज्या चुकीनं मेली व्हय?" मी म्हणालो. "मग दंड तू का भरायचा?"

"मग निम्मं निम्मं करू."

"निम्मं म्हनू नको. वरनं घमेलं यील डोक्यात."

ती हसली, हसता हसता डोळे पुसले आणि वर गेली. राहते म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एजंटच्या दुकानात गेलो. शटर अजून अर्धंच वर होतं, वाकून आत शिरलो.

"करार नव्यानं कर. खर्च मालकाचा. तसं कागदातच लिही."

"असं कुणी लिहीत नाही काका."

"तू लिही."

त्यानं टाइप करायला घेतलं. मालकांची नावं विचारली. मी एकच सांगितलं. तो दुसऱ्यासाठी थांबला, मग कळलं त्याला.

घरी आलो तर नळाला पाणी आलेलं. मोटर लावली आणि आधी वरच्या खोलीची टाकी भरून घेतली.