मानाचा टॅग

बारामतीच्या क्लासात एचटीएमएलचे, म्हणजे इंटरनेटची पानं बनवायच्या भाषेचे, चार धडे झाले आणि मी घरी जाहीर केलं, ताईच्या लग्नाची पत्रिका मी कॉम्प्युटरवर करणार. कुणी विचारलं नव्हतं. नवीन शिकलेल्याला धीर नसतो.

निमंत्रकांची नावं मी यादीच्या टॅगात, म्हणजे कॉम्प्युटरला मांडणी सांगणाऱ्या खुणेत, टाकली. तो टॅग आपल्या मनानंच पुढं आकडे घालतो. एक आबा, आमचे थोरले चुलते. दोन मामा. तीन तात्या, वडिलांचे मधले भाऊ. तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"मी मामाच्या खाली?"

"तात्या, आकडं कॉम्प्युटर टाकतो."

"मग त्यालाच बोलवा लग्नाला. मी न्हाय येत."

ताई रडायलाच लागली. तिला लहानपणी शाळेत सोडायला मोटारसायकलवर तात्याच जायचे. ते नसतील तर मी पाटावर उभीच राहणार नाही, म्हणाली. मामांना खाली घ्यावं, तर ते वालचंदनगरहून निघणारच नाहीत. मला सगळ्यांचाच राग आला.

आकडे काढून मी नुसते ठिपके देणारा टॅग घातला आणि लॅपटॉप घेऊन तात्यांच्या वस्तीवर गेले. "आकडं गेलं, पर वर कोन हाय ते दिसतंय की," ते म्हणाले. नावं शेजारी शेजारी मांडली, तर म्हणे डावीकडचा मोठा.

शेवटी क्लासच्या सरांना विचारलं, वरचा-खालचा काहीच नको, असा टॅग आहे का? ते म्हणाले, अक्षरं पळवणारा एक आहे, पण हल्ली तो कुणी वापरत नाही. मी वापरला. नावं उजवीकडून यायची, डावीकडं गडप व्हायची आणि पुन्हा उजवीकडून उगवायची.

"ह्यात पयला कोन?" तात्यांनी विचारलं.

"बघाल तवा जो दिसंल त्यो."

तात्या खूश. मामाही खूश.

पान इंटरनेटवर चढवायचं कसं, हा धडा अजून झाला नव्हता. म्हणून लग्नादिवशी लॅपटॉपच भिगवणच्या कार्यालयात नेला आणि दारातल्या टीव्हीला जोडला. मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाटामागून मान उंचावून ताई तात्यांना शोधत होती. तात्या दारात, मोबाईल धरून आपल्या नावाचा फोटो काढायच्या नादात. नाव आलं की नेमकं कुणीतरी मध्ये यायचं, की पुन्हा सगळी भावकी फिरून येईपर्यंत थांबा. मी हाका मारल्या. "थांब गं, आलंच आता," म्हणाले.

शेवटची मंगलाष्टका लागली. मी जाऊन टीव्हीची पिनच उपटली.

तात्या चिडून वळले, आणि समोर त्यांना ताई दिसली, त्यांच्याकडंच बघत असलेली. मोबाईल खिशात गेला. गर्दी ढकलत ते पुढं घुसले, मूठभर अक्षता टाकल्या आणि तिथंच हुंदके देऊन रडले. माझेही डोळे भरले.

जेवताना मी जिलेबी वाढायला गेले, तर म्हणाले, "नेमकी माझं नाव येताना लाईट गेली बघ."

"व्हय तात्या."

"जाऊ दे. पोरीनं मला बघितलं."