जकातीतून सुटलेली साडी

पेडण्याहून पुण्याला निघायच्या सकाळी आईची मावशी मला द्यायची साडी स्वतःच नेसून बसली होती. मला वाटलं, तिचा विचार बदलला. साडी मनापासून आवडली होती, पण तसं बोलायला मला जमेना.

"अगो, कोरी घडी कशी नेतलंस? नाक्यार धरतले," ती म्हणाली.

"मावशी, आता नाका कुठे आहे?"

"नाय तर नाय. पदर कसो दिसता तो सांग."

पोर्तुगीजांनी पेडणं उशिरा घेतलं. अशा मुलखांना ते नव्या काबिजादी म्हणत. शाळेत आम्ही साम्राज्यं इंग्रजीतून, रंगवलेल्या नकाशांवर शिकलो. मावशीचं माहेर सावंतवाडीकडे, सासर पेडण्यात, आणि मधल्या रस्त्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज अशा दोन साम्राज्यांची हद्द आणि जकातीचा नाका होता, हे नकाशात दिसलं नव्हतं. कोऱ्या कापडावर जकात पडे, वापरलेलं सुटे. म्हणून तिची आई लेकीची प्रत्येक साडी आधी स्वतः नेसायची आणि मग पाठवायची. नाका गेला, तरी मावशीला कोरी साडी देणं अजून कोरडं वाटतं.

आत जाऊन तिने लुगडं नेसलं आणि साडीची घडी माझ्या हातात दिली. मला मिठी मारता आली नाही. नुसती वाकून नमस्कार करून निघाले.

हद्दीवर आता चहाची टपरी आहे. बस थांबली नाही. पिशवीत हात घातला, तर साडी अजून उबदार होती. कुणी विचारलं असतं, तर मी न घाबरता सांगितलं असतं, "नवीन नाही, मावशीची आहे."