स्लीपिंग बॅगेतला कापूस

थंडीशी माझं पहिल्यापासून वाकडं आहे. दिवाळी सरली की मी कानटोपी चढवतो, ती होळीलाच उतरते. बायकोला मात्र लग्न झाल्यापासून एकच ध्यास होता. ऐन थंडीत भंडारदऱ्याला जायचं आणि तलावाकाठी तंबूत झोपायचं. दर वर्षी मी काहीतरी निमित्त काढायचो. गेल्या वर्षी निमित्तं संपली.

मग नगरला मिलिटरीचा जुना माल विकणाऱ्याकडून दोन स्लीपिंग बॅगा आणल्या. हिरव्या, जाडजूड, डांबरगोळीचा वास मारणाऱ्या. दुकानदार म्हणाला, "बर्फात झोपायच्या आहेत ह्या." आमच्या राहुरीत बर्फ पडत नाही, हे त्याला सांगून काय उपयोग? त्यातली गुबगुबीत मी ठेवली आणि गाठी झालेली बायकोला दिली. संसार असाच चालतो.

आईने ती गाठींची बॅग चाचपून पाहिली. "कापूस पार बसलाय रं ह्यातला. पोरगी काकडून जाईल." मी हो हो म्हणालो आणि विसरलो. आई विसरली नाही. दुसऱ्याच दिवशी गल्लीत गाद्या पिंजणाऱ्याचा टेम्पो आला, तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो. आईने दोन गाद्या दिल्या आणि वर ही बॅगही दिली. त्या बाबाने न बघता शिवण उसवली आणि आतला सगळा माल मशीनमध्ये सारला.

आत कापूस नव्हताच. पिसं होती.

संध्याकाळी आलो तर गल्ली पांढरी. शेजारणीच्या वाळत घातलेल्या साड्यांना पिसं, कुत्रं शिंकतंय आणि पिंजणारा हात जोडून उभा. "आजी, ह्यात कापूस न्हाई वो, सगळी बदकं हायेत."

आई माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. ती अंघोळ करून ओट्यावर बसली होती. बायकोने रिकामी खोळ पाहिली आणि म्हणाली, "राहू द्या आई, पुढच्या वर्षी जाऊ." मग चहा टाकायला आत गेली. खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. आयतं निमित्त चालून आलं होतं. पण चहा देताना ती माझ्याकडे बघेना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी उठलो तर आई नाकाला पदर लावून ओट्यावरची पिसं वेचत होती.

"आई, तू पिसांना शिवलीस?"

"अंगूळ करीन नंतर. तू सुई ओवून दे."

सापडली तेवढी पिसं तिने खोळीत भरली आणि गोधडीला घालतात तसे जवळजवळ टाके घातले. मिलिटरीच्या हिरव्यावर लाल धागा. एकेका टाक्याला ती पुटपुटत होती, "जवानांना कापूस द्यायला काय झालं हुतं?"

त्या शनिवारी आम्ही भंडारदऱ्याला गेलो. बायको लाल टाक्यांच्या बॅगेत शिरली आणि तलाव बघता बघता घोरायला लागली. माझ्या गुबगुबीत बॅगेची चेन गुडघ्यापाशी अडकली, ती पुढे सरकेचना. दोन स्वेटर, कानटोपी आणि वाजणारे दात एवढ्यावर मी रात्र काढली.

उजाडताच आईचा फोन. "थंडी वाजली का रं?"

"न... नाही फार," मी दात आवरत म्हणालो.

"तुला कोन इचारतंय? फोन तिला दे."