माझा आवाज चोरीला गेला तो दिवस

लग्न असो, मयत असो की हरवलेली म्हैस, दुधनीजवळच्या आमच्या गावात कुठलीही बातमी मी सांगितल्याशिवाय पक्की होत नाही. वीसेक वर्षं मी रिक्षाला भोंगा बांधून पुकारत फिरतो, आधी मराठीत, मग कानडीत. नळाची वेळ बदलली की बायका घागरी उचलतात त्या माझ्या आवाजावर, सरपंचाच्या सहीवर नव्हे. याचा मला माज होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

मतदानाच्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो, तर चहावाला म्हणाला, "काय अण्णा, मतदान पुढं ढकललं म्हनं? आन तुमीच सांगून तुमीच बोटाला शाई लावाय निघाला व्हय?"

त्याने मोबाइल माझ्या कानाला लावला. "मायबाप गावकरी हो! कडक उन्हामुळे आजचं मतदान आठ दिवस पुढं गेलंय. कामाला जायचं त्यांनी खुशाल जावं."

आवाज माझा. खाकरणं माझं. 'खुशाल'वरचा हेलसुद्धा माझाच. खरं सांगतो, पहिल्यांदा मला माझंच कौतुक वाटलं. मग चहाचा पेला खाली ठेवला. हे मी बोललोच नव्हतो! लग्नाच्या व्हिडिओंतून माझा आवाज उचलून कुणी हरामखोराने मशीनला शिकवला होता. घर फोडलं असतं तरी चाललं असतं, घरात आहे काय? पण माझ्या तोंडाने माझ्याच गावाला फसवायचं?

आमच्या गल्लीतल्या अठरा बायका ते ऐकून पहाटेच जीप भरून सीमेपलीकडे कांदा काढायला गेल्या होत्या. आणि शेजारची मावशी! दोन निवडणुका तिचं नावच यादीत नव्हतं. हेलपाटे घालून, अर्ज भरून, या खेपेला आलं होतं. कालपासून तिने मतदानाला नेसायचं लुगडं घडी करून ठेवलं होतं. तिच्या दाराला कुलूप. "आठ दिस हायत की," म्हणून तीही पलीकडे बहिणीकडे निघून गेली होती.

इकडच्या ठाण्यात फोन केला. साहेब म्हणाले, "नंबर कर्नाटकातला दिसतोय. तिकडं कळवा." तिकडे केला. ते म्हणाले, "मतदार महाराष्ट्रातले ना? मग तिकडंच." वा रे वा! खोटं बोलणारा एका बोटाने दोन राज्यांत पोहोचतो, आणि माझ्या तक्रारीला मात्र नाक्यावर अडवतात!

शेवटी मी एका अशा माणसाला फोन लावला, ज्याचं तोंड पाहणार नाही असं पाच वर्षांपूर्वी जत्रेत जाहीर केलं होतं. पलीकडचा पुकारणारा. माझ्या भोंग्याला तो 'तेलाचा डबा' म्हणाला होता.

"नमस्कार री अण्णा," तो थकलेल्या आवाजात म्हणाला. "माझ्या आवाजात पण तेच फिरतंय, कानडीत. सकाळपासून खुलासा करून घसा बसला. तुमच्या बायका कुठल्या शेतात? टेम्पो घेऊन जातो मी."

भांडण संपलं. तासाभराने त्याचा फोन आला. बायका हलेनात. त्यांच्या टोळीची मुकादमीण कमरेवर हात ठेवून उभी आहे म्हणाला, आणि फोन तिच्यापुढे धरला.

मी ओरडलो, "अगं, ते खोटं होतं! मी सांगतोय ना!"

"सकाळीबी तूच सांगत हुतास."

"तो मी नव्हतो!"

"मग आता तूच हाईस, हे कशावरनं? माज्या लेकीच्या लग्नात माईकवर तू काय बोललास, ते सांग. क्यामेरावाला तवा जेवाय बसला हुता. ते कुनाकडं बी न्हाय."

"ते नको गं..."

"मग आमी कांदा काढतो."

मी डोळे मिटले. "माईक बंद आहे असं समजून मी बायकोला म्हणालो होतो, 'बुंदीचे दहा लाडू पिशवीत टाक, वर टॉवेल घाल.'"

त्या पलीकडच्या नालायकाने फोन टेम्पोवरच्या भोंग्याच्या माईकला लावला होता! माझी चोरी दोन राज्यांच्या कांद्यावरून घुमली. मग अठराजणींचं हसू. "त्योच हाय गं, त्योच! चला!"

पाचच्या सुमारास टेम्पो शाळेपुढे उभा राहिला. अठरा बोटांना शाई लागली. मुकादमिणीने आपलं बोट माझ्या नाकासमोर नाचवलं. "लाडूचोर खरा निगाला!"

पण मावशी त्या टेम्पोत नव्हती. पलीकडचा तो बिचारा तिच्या बहिणीच्या गावीही पुकारून आला, पण ती बहिणीबरोबर पुढच्या वस्तीवर गेली होती. सहा वाजता शाळेचं फाटक लागलं, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी सगळं सांगितलं. हा माझा गुन्हा नाही, आवाज चोरला, मशीन, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मशीन मला काय ठावं, बाबा? मी तुजं ऐकून गेले."

ते घडीचं लुगडं तिने माझ्यासमोर पेटीत परत ठेवलं.

आवाज चोरणारा तो माणूस अजून सापडलेला नाही. दोन्ही ठाण्यांचा पत्रव्यवहार चालू आहे म्हणे. आम्ही दोघं पुकारणारे मात्र वाट बघत बसलो नाही. आता काहीही शंकास्पद आलं की आधी एकमेकांना फोन. आणि निवडणुकीची कुठलीही बातमी असली, की भोंगा चालू करण्याआधी मी मावशीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो. ती माझं तोंड नीट न्याहाळते आणि म्हणते, "हं, आता पुकार."