वामनभाऊंच्या रस्त्यावरच्या टेकड्या

आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भरवसा ठेवू नका. मीही ठेवत नाही. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, हे मला दुपारी सांगता येत नाही. त्यामुळे कुठला किस्सा कुठल्या टेकडीवरचा, यात माझी गल्लत होऊ शकते. माणसं मात्र तीच, आणि बोलणीही बरीचशी तीच.

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. टेकडीवरून घरी आलं की मोज्यांत कुसळं निघतात, तसं ते होतं. आपण आणलेली नसतात, ती आपली आपण येतात. दोन दिवसांनी खुर्चीत बसल्या बसल्या एखादं टोचतं आणि एकट्यालाच हसू फुटतं.

आम्ही चौघं होतो. वामनभाऊ, लाल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर. गुलाबभाऊ, त्यांच्याच गाडीवरचे निवृत्त कंडक्टर. पार्वताबाई, वामनभाऊंच्या पत्नी. आणि मी, चंद्रपुरात त्यांच्या शेजारी राहणारा, रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला, आणि घराबाहेर पडताना कुलूप तीन तीनदा ओढून बघणारा.

वामनभाऊंची उभी नोकरी मूल, गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा या रस्त्यांवर गेली. या रस्त्यांच्या कडेला जंगलातून डोकं वर काढणाऱ्या बुटक्या टेकड्या आहेत. त्यांच्यावर किल्ला नाही, जत्रा नाही, पाटी नाही. तासाभरात वर जाऊन येता येतं, म्हणून कोणी जात नाही.

"मले रोज दिसे जी," वामनभाऊ सांगत. "वाटे, एकदा उतरून वर जाऊन याव. पण मांगं गाडी भरून लोकं. कसा उतरू?"

निवृत्त झाल्यावर ते उतरले. रस्त्यावर लागतील त्या क्रमानं एकेक टेकडी चढायला लागले. घाई होती, कारण डोळ्यांत काचबिंदू होता. बाजूचं दिसणं कमी होत चाललं होतं, आणि गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. नागपूरचा मुलगा दोघांना कायमचं घेऊन जायला तयार बसला होता. भाऊंनी त्याला शब्द दिला होता, "माझ्या रस्त्यावरच्या टेकड्या संपू दे. संपल्या का येतो."

म्हणजे टेकडी चढून झाली की आमची एक टेकडी कमी व्हायची. हे आम्ही कोणी बोलत नसू.

*

टेकड्यांना आसपासच्या गावांनी दिलेली नावं असणारच, पण भाऊंची स्वतःची नावं होती. जिथं गाडी तापली ती रेडिएटर टेकडी. जिथं भर उन्हात चाक बदललं ती पंक्चर टेकडी. आणि मूलच्या पुढं एक बाळंतीण टेकडी. तिच्या पायथ्याशी एक बाई गाडीतच बाळंत झाली होती.

त्या टेकडीवर बसून आम्ही तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी खात होतो. पार्वताबाईंनी विचारलं, "पोरगा झालता का पोरगी?"

"पोरगी," वामनभाऊ म्हणाले. "अशी रडली का हॉर्न वाजवाची गरज नाई पडली."

गुलाबभाऊ भाकरीचा तुकडा मोडत शांतपणे म्हणाले, "चढले त्याच्यापेक्षा एक सवारी जास्त उतरली. माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी एकच विनातिकीट."

*

गुलाबभाऊंची नोकरी संपली होती, पण बेल सुटली नव्हती. हातातली काठी ते स्टीलच्या डब्यावर वाजवत. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. त्यांच्या दोन टोल्यांशिवाय वामनभाऊ पाऊल उचलत नसत. पार्वताबाई म्हणत, "घरी मी बोंबलतो तवा उठत नाई, अन् इथी डब्बा वाजला का निघाले."

मला चढावर लवकर धाप लागते, आणि थांबा म्हणायची लाज वाटते. मी मागं मागं राहत असे आणि उगाच एखाद्या झाडाची साल निरखत असे. हे गुलाबभाऊंनी पहिल्याच दिवशी ओळखलं असावं. ओसाड चढाच्या मधोमध त्यांनी एक टोला दिला.

"इथी काऊन?" वामनभाऊंनी विचारलं.

"विनंती थांबा हाय."

"कोणाची विनंती?"

"सालीची," गुलाबभाऊ म्हणाले. "सर तिच्याशी बोलून राह्यले."

त्यानंतर प्रत्येक टेकडीवर मला धाप लागेल तिथं विनंती थांबा निघत गेला. मी कधीही विनंती केली नाही.

*

गडचिरोलीकडच्या एका टेकडीच्या पायथ्याशी पोलिसांनी अडवलं. एक तरुण जवान पुढं आला आणि त्यानं माझी बॅग उघडायला लावली. तिच्यात क्रेप बँडेज, शिट्टी, दोरी, होकायंत्र, दोन टॉर्च आणि साखरमिठाची पाकिटं होती. प्रत्येक वस्तू का आणली हे मी समजावून सांगायला लागलो. जितकं समजावलं, तितका त्याचा संशय वाढत गेला.

"वर काय हाय?" त्यानं विचारलं.

"काही नाई," वामनभाऊ म्हणाले.

"मंग काऊन चालले?"

"काही नाई हाय, तेच पाहाले."

जवानानं वाकून त्यांचा चेहरा निरखला. मग म्हणाला, "तुम्ही शाळेच्या टायमाची गाडी आणत होते ना भाऊ? मी धावत येऊ, तं तुम्ही गाडी थांबवून ठेवत होते."

"धावत येणारे लय होते बाबू. तू कोणता?"

"चप्पल हातात घेऊन धावणारा."

"हां. मंग तूच."

जवानानं माझी बॅग स्वतःच्या हातानं भरली, दोरीसुद्धा नीट गुंडाळून ठेवली. म्हणाला, "जा भाऊ, आरामानं जा. उतरून येत पावेतो आम्ही थांबतो."

आम्ही उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ते थांबले होते.

*

पार्वताबाई चालताना अखंड बोलतात. विषय बहुधा वामनभाऊंचे दोष हाच असतो. जंगलात हे फार उपयोगाचं, असं गुलाबभाऊंचं मत. माणसाचा आवाज लांबून ऐकू आला की जनावर आपणहून बाजूला होतं. आम्ही इतक्या टेकड्या चढलो, पण एकदाही जनावर आडवं आलं नाही, याचं सगळं श्रेय ते पार्वताबाईंना देत.

एकदा मात्र बाई सकाळपासून गप्प होत्या. झालं असं होतं की, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली त्यांना न उघडलेली सापडली. महिनाभर भाऊ थेंब घेतल्याचं सांगत होते. बाईंनी एक शब्दही न बोलता बाटली पिशवीत टाकली आणि टेकडी चढायला लागल्या. ती शांतता मला अस्वलापेक्षा भयंकर वाटत होती. अस्वल तोवर दिसायचं होतं.

ते दिसलं आलापल्लीकडच्या एका टेकडीच्या खांद्यावर. वारूळ उकरत होतं. गुलाबभाऊंनी एक टोला दिला आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो. माझी शिट्टी बॅगेत, बॅग पाठीवर, आणि हात हलेनात. अस्वलानं मान वर केली.

पार्वताबाईंचा बांध तेव्हा फुटला. "आता तू बी आला का? एक का कमी हाय माझ्या जिवाले? सांगून सांगून तोंड दुखते, थेंब टाका, थेंब टाका. ऐकते का कोणी?"

अस्वल वळलं आणि झुडपात शिरलं.

थोड्या वेळानं वामनभाऊ हळूच म्हणाले, "ते घरी जाऊन थेंब टाकते आता."

बाईंनी तिथंच त्यांना दगडावर बसवलं, मान मागं केली, आणि दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. त्यानंतर रोज त्याच टाकत.

*

थेंब टाकूनही नजर जायची ती जातच होती, फक्त हळू. पुढच्या हिवाळ्यात भाऊंना समोरचंही नीट दिसेना. चढणं जमे, पण उतरताना पाय कुठं ठेवायचा ते कळत नसे. एका टेकडीवरून उतरताना गुळगुळीत, उभा कातळ आडवा आला. मी दोरी काढली आणि गाठ कशी मारायची याचा विचार करत बसलो. मला तीन गाठी येतात, पण ऐन वेळी कुठली योग्य हे ठरवता येत नाही.

गुलाबभाऊ तोवर कातळाच्या खाली जाऊन उभे राहिले होते.

"वामन," ते ओरडले, "गाडी रिव्हर्स घे."

वामनभाऊ लगेच वळले, कातळाकडं तोंड केलं आणि उलटे उतरायला लागले.

"येऊ दे. येऊ दे. डावी मार थोडी. अजून. हां, आता सीधी येऊ दे. येऊ दे... बस."

भाऊंचा पाय मातीला टेकला. अंगाला खरचटलंसुद्धा नाही. उभ्या नोकरीत दोघांनी डेपोत रोज हेच केलेलं होतं. एकानं मागं न बघता यायचं, आणि दुसऱ्यानं मागं उभं राहून सांगायचं. मी वर दोरी हातात घेऊन उभा होतो आणि मला त्या दोघांचा हेवा वाटत होता.

"आता सर येऊन राह्यले," गुलाबभाऊ खालून म्हणाले. "हॉर्न देऊन या सर."

*

शेवटी सिरोंचाच्या रस्त्यावरचं एकच ठिकाण उरलं, आणि ते भांडणाचं होतं. तिथं जंगलातून जाताना डाव्या हाताला एक टेकडी लागते. मग दाट साग येतो, काही दिसत नाही. मग पुन्हा डाव्या हाताला टेकडी लागते, जरा वेगळ्या आकाराची. वामनभाऊ म्हणत, टेकड्या दोन. गुलाबभाऊ म्हणत, एकच, रस्ता तिला वळसा घालतो.

"तू मांगच्या काचेतून पाहातं," वामनभाऊ म्हणत. "उलटं पाहाणाऱ्याले काय समजते?"

"अन् तू समोर पाहातं. समोर पाहाणाऱ्याले गेलेलं काय समजते?"

सगळी नोकरी हे चाललं होतं. दर फेरीला, त्याच वळणावर. गुलाबभाऊंना दुसऱ्या कशाचा गर्व नाही, पण या एका बाबतीत ते कोणाला हार जात नसत.

निकाल लावणं सोपं होतं. वर जाऊन बघायचं. दोन्ही बाजूंना रस्ता दिसला तर टेकडी एक. एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला दुसरी टेकडी असेल तर दोन. टेकडी एक असेल तर त्या दिवशी सगळंच संपत होतं. मुलानं नागपूरला खालची खोली रंगवूनही ठेवली होती.

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. तोवर भाऊंना फक्त उजेड आणि सावली कळत होती. काठीचं एक टोक गुलाबभाऊंच्या हातात, दुसरं त्यांच्या. माथ्यावर पोचल्यावर भाऊंनी श्वास सोडला आणि म्हणाले, "गुलाब, पाहून सांग. रस्ता एका अंगाले हाय का दोन्ही?"

गुलाबभाऊंनी एका बाजूला पाहिलं. मग चालत दुसऱ्या कडेला गेले, आणि तिथं बराच वेळ उभे राहिले. मीही पाहिलं. मला दोन्ही बाजूंना रस्ता दिसला. निदान मला तसं वाटलं.

गुलाबभाऊ परत आले. "एकाच अंगाले हाय," ते म्हणाले. "तिकडे दुसरी टेकडी हाय. तू जिंकला."

पार्वताबाईंनी आजवर गुलाबभाऊंच्या कुठल्याही बोलण्याला होकार दिल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हाय जी. चांगली मोठी हाय."

वामनभाऊंनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "सर, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा."

"खात्रीनं सांगता येत नाही, भाऊ," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं आहे की घरचे त्याची नक्कल करतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

वामनभाऊ दगडावर बसले. "मंग अजून एक बाकी हाय," ते म्हणाले.

"हाय," गुलाबभाऊ म्हणाले.

"पोराले कळवाव लागन."

"मी कळवीन," पार्वताबाई म्हणाल्या, आणि डबा उघडला.

तो उन्हाळा आणि तो सबंध पावसाळा दोघं चंद्रपुरातच राहिले. दिवाळीनंतर आम्ही पुढच्या थांब्यावर उतरलो आणि दुसऱ्या बाजूनं चढलो. वर पोचल्यावर भाऊंनी दगडावरून हात फिरवला, वारा कुठून येतो ते गालावर घेतलं. म्हणाले, "ही त्या टेकडीपेक्षा उंच हाय."

"थोडीशी," गुलाबभाऊ म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते दोघं नागपूरला गेले.

त्यानंतर काही वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या लग्नाला मी एकटाच सिरोंचाला चाललो होतो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसलो आणि ते वळण आल्यावर डोळे उघडे ठेवले. एक टेकडी, मग साग, मग टेकडी. तरीही खात्री होईना. गाडी पुढं चहाला थांबली तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, की मागं त्या टेकड्या दोन आहेत का.

"दोन काऊन? एकच हाय सर," तो म्हणाला. "मी नवीन लागलो तवा वामनभाऊ बाजूले बसून शिकवत होते. हर फेरीले कानात सांगत, 'पहिली टेकडी गेली म्हणून वळण संपलं समजू नको. दोन दिसते, पण एकच हाय.'"

माझा स्वभाव असा, की परतीच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही मी विचारलं. तोही भाऊंच्याच हाताखाली शिकलेला निघाला. त्यानंही शब्दाला शब्द तेच सांगितलं.