व्याह्यांचं बोट आणि मी ओळखलेला मासा

आमच्या व्याह्यांच्या बोटाला मासा चावला, तो माझ्या शिफारशीवरून.

मी पेणला रामवाडीत राहतो. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. (प्रवाळातले मासे मात्र फक्त पुस्तकात पाहिलेले!) लेक रोह्याला दिली आहे. तिचे सासरे अण्णा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी मुंबईहून खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचपेटी आणली. आम्ही नवरा-बायको ती बघायला गेलो, तर अण्णांनी अख्खी आळी जमवलेली!

"आता आमचे सर सांगतील, कुठला मासा कोण ते!"

एक मासा बोटभर लांब, निळसर, अंगावर काळा पट्टा. पोह्यांची बशी सावरत मी जाहीर केलं, "क्लीनर रास!"

"रास? मेष की तूळ?" अण्णा म्हणाले.

"अहो, रास ही माशांची जात! हा प्रवाळातला डॉक्टर. मोठ्या माशांच्या अंगावरची कीड खातो. बाकीचे त्याच्यापुढे रांग लावतात."

"रांग कुठली, सगळे पळतायत की," विहीणबाई म्हणाल्या. "नि याचं तोंड खालच्या अंगाला हाय बघा, सर." त्यांचं माहेर हमरापूरचं, लहानपण गणपती रंगवण्यात गेलेलं. डोळा, तोंड, सोंड कुठे हवी हे त्यांना बरोबर कळतं.

"काचेमुळे तसं दिसतं हो!" मी त्यांना उडवून लावलं. वर, "अण्णा, बोट घाला. तेही साफ करून देईल!"

अण्णांनी विश्वासाने बोट घातलं. माशाने त्याहूनही जास्त विश्वासाने चावा घेतला.

"आई गं! मेलो!" अण्णांचा हात असा उडाला, की तांब्याभर खारं पाणी माझ्या पोह्यांत आणि उरलेलं शेजाऱ्यांच्या अंगावर!

तोवर लेकीने मोबाइलवर शोधलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाबा, रासचं तोंड अगदी पुढे टोकाला असतं. तोंड खाली असेल तर तो तोतया. हुबेहूब रास दिसतो, जवळ जातो आणि लचका तोडतो."

लेकीच्या सासरी, भरल्या आळीसमोर! मला त्या पेटीतल्या वाळूत शिरावंसं वाटलं. मी विहीणबाईंची माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या हो सर," अण्णांच्या बोटाला हळद लावता लावता त्या म्हणाल्या, "मासाच तो. दुसरे पोहे आणते."

त्यानंतरच्या रविवारी पेणच्या बाजारात मी बायकोला म्हटलं, "बांगडे ताजे दिसतायत."

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ कोळणीला विचारलं, "मावशी, हे बांगडेच ना?"

"व्हय गो, बांगडंच हायत!"

मग तिने घेतले. हल्ली मी फक्त पिशवी धरतो.